तुम्ही विचारलंत म्हणून: पुस्तक घेऊन गावोगाव का फिरते

"गोव्याच्या इतिहासावरचं तुमचं पुस्तक ऑनलाइन मिळतं ना, मग देवळांच्या मंडपांत वाचत का फिरता?" पणजीत कुणी भेटलं की हेच. खपासाठी, असं मी हसून सांगते. खोटं नाही ते. गठ्ठे माझ्याच माळ्यावर आहेत, आणि इथल्या पावसात कागदाचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

आमोणे गावात घडलं ते मात्र कधी सांगितलं नाही.

मंडपात पंधरा-वीस माणसं. मी लाडका उतारा काढला: १५१० नंतर पोर्तुगिजांनी गलबतांना कार्ताझ, म्हणजे समुद्रावर फिरायचा परवाना, घ्यायला लावला, अरबी समुद्रावर हुकूम चालवला, पण स्वतःच्या राजधानीचं बंदर पावसाळ्यात चालू ठेवणं त्यांना जमलं नाही. का, तर नैर्ऋत्येचा वारा. मागून एक आजोबा म्हणाले, "वारें न्हय बाय, रेंव."

रेंव म्हणजे वाळू. आजोबांचा जन्म बार्जवर, म्हणजे खनिज वाहणाऱ्या सपाट बोटीवर, गेलेला.

मी ताठरले. दफ्तरखान्यातली माझी चार वर्षं ऐकवली. त्यांनी ऐकून घेतलं. मग काठीनं फरशीवर दाखवू लागले: हे आग्वादचं टोक, हे समोरचं काबोचं, मधे मांडवी नदीचं तोंड. पाऊस लागला की लाटा इथं वाळू आणून टाकतात, बार, म्हणजे पाण्याखालचा वाळूचा बांध, चढतो, लाट त्याच्यावरच फुटते. म्हणून पावसात बार्जी तिथून बाहेर पडतच नसत. कुंभारजुव्याच्या खाडीतून जुवारी नदीत उतरायचं आणि मुरगाव गाठायचं. "वारें आसतालेंच," वारा तर असायचाच, ते म्हणाले, आणि काठी आग्वादपाशी दोनदा आपटली.

घरी येऊन टिपणवह्या काढल्या. आग्वादच्या बारचा उल्लेख दोन ठिकाणी, माझ्याच अक्षरात. वाऱ्यावर वाक्य झकास जमलं होतं, म्हणून वाळू गाळली होती.

प्रस्तावनेत मी ठणकावलंय, ऐकीव गोष्टींना इथं थारा नाही. ते लिहिणारी मी चुकलेच, असंही म्हणवत नाही. १९४३ साली मुरगावात जर्मन जहाजं जळाली, त्याच्या ज्या कथा मला गावोगाव ऐकवल्या गेल्या त्यांतली एकही दुसरीशी जुळत नाही. आणि कागदांत वाळू होतीच की! मग आजोबांनी नवीन काय सांगितलं, असं मी स्वतःशी भांडते, आणि दर वेळी ती काठी आठवते.

त्यांनी प्रत घेतली नाही. चष्मा आणला नव्हता म्हणे.

परवा साखळीला तोच उतारा वाचला, चुकीसकट. कुणी अडवतं का बघायचं होतं. कुणी अडवलं नाही. सात प्रती गेल्या.