तुम्ही विचारलंत म्हणून: सहा महिन्यांत निसर्गोपचार शिकता येतो का?

बारावीचा निकाल लागला की लातूर-नांदेडकडचे पालक हमखास विचारतात, "निसर्गोपचाराचा सहा महिन्यांचा कोर्स केला तर पोराला दवाखाना टाकता येईल का?"

नाही. सहा महिन्यांत पट्टी बांधणं, टब भरणं, मालिश करणं शिकता येतं, आणि चांगल्या मदतनिसाचं मोल मोठं आहे. पण रोग्याला तपासून उपचार ठरवायचे तर बीएनवायएस ही निसर्गोपचार आणि योगशास्त्राची पदवीच हवी. बारावी सायन्स, जीवशास्त्रासकट. मग साडेचार वर्षं अभ्यास आणि वर्षभर इंटर्नशिप. त्यात आधी शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिशास्त्र. पाणी, माती, उपवास यांवर खरा भर नंतर. "इतकं कशाला?" याचं उत्तर मातीच्या पट्टीत आहे.

आपली काळी माती या कामाला उत्तम. कण बारीक, पाणी धरून ठेवते, म्हणून गारवा टिकतो. मात्र कापसाच्या वावरातली वरची माती घेऊ नका, त्यात खतं-फवारणीचे अंश असतात. पडीक जागेत तीन-चार फूट खणून काढा. उन्हात वाळवा, कुटा, चाळा, रात्रभर भिजवा. एप्रिल-मे महिन्यांत टाकीचं पाणी तापलेलं असतं, तेव्हा माठातलं वापरा. भाकरीच्या पिठाहून थोडी सैल, पण फडक्यातून गळणार नाही अशी झाली की फडक्यावर इंचभर जाड थर द्या. उपाशीपोटी, बेंबीखाली ओटीपोटावर, 20 ते 30 मिनिटं. वाळेपर्यंत ठेवायची नाही: काळी माती वाळताना आकसते, कातडी ओढते, आणि तोवर गारवाही संपलेला असतो. एकदा वापरलेली माती दुसऱ्याला लावायची नाही.

इथवर कुणीही शिकेल. पण उघड्या जखमेवर ही पट्टी चालत नाही, कारण मातीत धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू असतात आणि ते उन्हात वाळवून मरत नाहीत. पोट दुखतंय म्हणून आलेल्या माणसाला उजवीकडे खाली दाबल्यावर कळ येते, ताप आहे, उलट्या होताहेत. त्याला पट्टी द्यायची नाही, तडक सर्जनकडे पाठवायचं. अपेंडिक्स फुटलं तर जिवावर बेततं. हे ओळखायला पोट चाचपता यावं लागतं, आणि ते रोग्यांजवळ उभं राहूनच येतं.

गरम पादस्नानाचंही तेच. पाणी साधारण 40 अंश सेल्सिअस, वेळ दहा-पंधरा मिनिटं. मधुमेहामुळे ज्याचे पाय बधिर झालेत त्याला चटका कळतच नाही. फोड येतो, जखम चिघळते, कधी बोट काढायची पाळी येते. म्हणून आधी पायांची संवेदना तपासायची. ती नसेल तर हा उपचार द्यायचाच नाही.

उपवासात सगळ्यात जास्त घोळ होतो. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी चालू असलेल्याला नुसत्या लिंबूपाण्यावर ठेवलं की साखर 70 च्या खाली जाते: दरदरून घाम, थरथर, बरळणं. माणूस शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि 15 मिनिटांनी साखर पुन्हा तपासायची. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठायचा. औषध कमी करायचं ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच. "आजपासून गोळ्या बंद" असं पहिल्याच दिवशी सांगणाऱ्याकडे पुन्हा पाऊल टाकू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता प्रवेशाचं. आयुर्वेद आणि होमिओपॅथीसाठी 2020 च्या कायद्यांनी राष्ट्रीय आयोग नेमले. निसर्गोपचार त्यांत नाही. त्यामुळे नोंदणीचे नियम राज्यागणिक वेगळे, आणि याच फटीतून सहा महिन्यांची सर्टिफिकेटं विकली जातात. शेजारच्या कर्नाटकात ही पदवी रुजलेली आहे. तिथल्या उजिरे गावातलं निसर्गोपचाराचं कॉलेज 1989 पासून चालू आहे. कॉलेज कुठलंही असो, फी भरण्याआधी विचारा: पदवी कोणत्या विद्यापीठाची? नोंदणी कोणत्या राज्यात, कोणाकडे? कॉलेजचं स्वतःचं रुग्णालय आहे का, आणि तिथे रोज रोगी येतात का? शेवटचं विचारून थांबू नका, सकाळी आठला जाऊन उपचारकक्ष बघा. टब कोरडे आणि टेबलांवर धूळ असेल तर पोरगं साडेचार वर्षं पुस्तकातूनच निसर्गोपचार शिकणार. आणि माहितीपत्रकावर नुसतं "शासनमान्य" छापलेलं असेल, तर कोणत्या खात्याने, कोणत्या पत्राने मान्यता दिली, त्या पत्राची प्रत मागून घ्या.