तुम्ही विचारलंत म्हणून: प्रार्थना करून निर्णय घेणे म्हणजे काय?

मी नाशिकमध्ये परिचारिका आहे, आणि मी प्रार्थना करून निर्णय घेते हे ठाऊक असल्यामुळे सहकारी मला वारंवार विचारतात, "सिस्टर, देव तुम्हाला नेमकं सांगतो तरी काय?"

डोळे मिटून बायबल उघडायचे आणि बोट पडेल ते वचन उत्तर मानायचे, ही पद्धत मला पटत नाही. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात खुद्द प्रभू येशू म्हणतो की बुरूज बांधायचा असेल, तर माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. म्हणून मस्कतच्या नोकरीचा प्रस्ताव आला, तेव्हा मी प्रार्थनेइतकाच वेळ हिशेबालाही दिला. एका कागदावर पगार, घराच्या कर्जाचे हप्ते, मुलाची दहावी असे सगळे मांडले आणि तो कागद घेऊन आमच्या पाळकसाहेबांकडे गेले. त्यांनी तो सावकाश वाचला आणि एवढेच विचारले, "यात सासूबाई कुठे आहेत?" अर्धांगाने अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचे नाव त्या कागदावर कुठेच नव्हते.

प्रार्थनेत मला आवाज ऐकू येत नाही. "माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे" ही येशूने गेथशेमाने बागेत केलेली प्रार्थना रोज मनापासून करू लागले, की पैशाची ओढ आणि लोक काय म्हणतील ही धास्ती हळूहळू मागे पडते, आणि मग समोरचे कर्तव्य स्वच्छ दिसू लागते. यजमानांना मात्र मी जावे असे प्रामाणिकपणे वाटत होते. पण एकाच्या विश्वासावर दुसऱ्याचा निर्णय उभा राहत नाही. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी, आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाईंनी मात्र तो काही वर्षांनी, स्वतःच्या मनाला पटल्यावरच घेतला. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायातही यरुशलेमची मंडळी आधी भरपूर वादविवाद करते आणि नंतरच "पवित्र आत्म्याला व आम्हाला योग्य वाटले" असे लिहिते. आमच्या घरातही तसेच पुष्कळ बोलणे झाले, आणि शेवटी दोघांचे एकमत झाले.

मी गेले नाही. कर्ज अजून फिटायचे आहे, आणि त्यासाठी जादा रात्रपाळ्या कराव्या लागतात. याच प्रस्तावावर याच प्रार्थनेने दुसरी एखादी परिचारिका मस्कतला गेली असती, तर तिचा विश्वास माझ्यापेक्षा कमी ठरला असता असे मला मुळीच वाटत नाही. तिच्या कागदावरची माणसे वेगळी असती.