कॉपर-ईडीटीए: आठ दिवसांचा स्पेक्ट्रम एका दिवसात

सॉलिड-स्टेट एनएमआरमध्ये (घन नमुन्यातल्या अणुकेंद्रकांचे सिग्नल चुंबकात टिपण्याच्या तंत्रात) प्रथिनाचा सिग्नल कमी पडला की पहिल्यांदा सुचतं ते स्कॅन वाढवणं, म्हणजे तीच नोंद पुन्हा पुन्हा घेऊन बेरीज करणं. पण सिग्नल-टू-नॉइज वाढतो स्कॅनच्या वर्गमुळाने. दुप्पट हवा तर वेळ चौपट. आणि त्या वेळात कोट्यवधींचं यंत्र बहुतेक नुसतं बसून असतं. २० मिलिसेकंद सिग्नल नोंदवायचा आणि मग प्रोटॉन (हायड्रोजनची केंद्रकं) पूर्वपदावर येईपर्यंत थांबायचं.

समजा, प्रोटॉनचा टी-१, म्हणजे पूर्वपदावर येण्याचा वेग ठरवणारा काळ, ६०० मिलिसेकंद आहे. त्याच्या साधारण १.३ पट, म्हणजे ७८० मिलिसेकंद थांबणं सगळ्यात फायद्याचं. टी-१ ६० वर आणला तर हे थांबणं ७८ वर येतं. नोंदणीचे २० धरून ८०० विरुद्ध ९८. तेवढ्याच वेळात आठपट स्कॅन, म्हणजे सिग्नल-टू-नॉइज २.८ पट. टी-१ खाली आणण्याचं हे काम कॉपर-ईडीटीए करतं, म्हणजे ईडीटीए या धातू पकडून ठेवणाऱ्या रेणूत अडकवलेलं चुंबकीय तांबं. योशिताका इशी यांच्या शिकागोतल्या गटाने २००९ मध्ये हीच युक्ती ४० किलोहर्ट्झ फिरकीसोबत (नमुना सेकंदाला ४० हजार वेळा फिरवून) वापरून दाखवली.

२०० मिलिमोलरचं १० मिली द्रावण करायला कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट ०.५० ग्रॅम आणि डायसोडियम ईडीटीए डायहायड्रेट ०.७८ ग्रॅम घ्या. ईडीटीए ५ टक्के जास्त आहे ते मुद्दाम: मोकळं तांबं उरलं तर ते प्रथिनातल्या हिस्टिडीन या अमिनो आम्लाला जाऊन चिकटतं आणि तिथले सिग्नल गायब होतात. दोन्ही एकत्र येताच पीएच कोसळतो, कारण ईडीटीए प्रोटॉन सोडतं. सोडियम हायड्रॉक्साइडने ७ वर आणा, मगच १० मिली करा. गडद निळं, स्वच्छ द्रावण हवं. जस्त किंवा कॅल्शियम धरून असलेल्या प्रथिनाला मात्र हे जादा ईडीटीएच नडतं, धातू ओढून नेतं. नमुन्यात डीटीटी (तांब्याचं क्षपण करणारं रसायन) असेल तर आधी धुऊन काढा.

प्रथिनाच्या सूक्ष्म स्फटिकांवर हे द्रावण थेट ओतू नका. प्रेसिपिटंट (स्फटिक टिकवून धरणारं रसायन) पातळ होतो आणि स्फटिक विरघळायला लागतात. मदर लिकरमध्येच (स्फटिक ज्या द्रावणात वाढले त्यातच) १० मिलिमोलर कॉपर-ईडीटीए करून त्यात स्फटिक भिजवा. मग टी-१ मोजा. पुरेसा उतरला नसेल तर २०, ३० असं चढत जा. दर पायरीला लांब डिले (दोन स्कॅनमधलं थांबणं) ठेवून एक साधा सीपी, म्हणजे क्रॉस पोलरायझेशनचा, स्पेक्ट्रमही घ्या; त्यात प्रोटॉनचं चुंबकत्व कार्बनसारख्या केंद्रकांकडे सोपवलं जातं. त्याची उंची घटू लागली की समजा टी-१-रो (सोपवण्याच्या वेळी ते चुंबकत्व टिकण्याचा काळ) आखडलाय, क्रॉस पोलरायझेशनमध्येच सिग्नल मरतोय. तिथून मागे फिरायचं. पेशीच्या पडद्यात रुतलेल्या प्रथिनापर्यंत हे तांबं नीट पोचत नाही. तिथे फार आशा ठेवू नका.

खरी गोची उष्णतेची. नोंदणी चालू असताना प्रोटॉनचा प्रभाव पुसायला रेडिओलहरींचा मारा करावा लागतो, त्याला डिकपलिंग म्हणतात. ८०० मिलिसेकंदांत २० मिलिसेकंद डिकपलिंग म्हणजे अडीच टक्के ड्युटी सायकल (मारा चालू असण्याचा हिस्सा). ९८ मध्ये तीच २० टक्के. ९० किलोहर्ट्झचं डिकपलिंग तसंच चालू ठेवलं तर खारट नमुना शिजतो, प्रोबही (नमुना धरणारा, लहरी देणारा-घेणारा भाग) बिघडू शकतो. म्हणून वेगवान फिरकी. ४० किलोहर्ट्झच्या पुढे १० किलोहर्ट्झचं डिकपलिंग पुरतं, आणि पॉवर वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने ती ८१ पटीने उतरते. पण त्यासाठी १.९ किंवा १.३ मिमीचा रोटर (फिरणारी नमुन्याची नळी) लागतो, आणि १.३ मध्ये जेमतेम २-३ मायक्रोलिटर मावतं. प्रथिन भरपूर असेल आणि हाताशी ३.२ मिमीच असेल, तर डिकपलिंग जोरकसच लागणार. मुंबईच्या टीआयएफआर आणि दिल्लीच्या आयआयटीतून २००६ मध्ये आलेली एसडब्ल्यूएफ-टीपीपीएम ही डिकपलिंगची पद्धत तिथे स्पेक्ट्रममधल्या रेषा छान धारदार करते, पण उष्णता काही कमी करत नाही. अशा वेळी डिले ३००-४०० मिलिसेकंदांच्या खाली नेणं माझ्या मते वेडेपणा.

नमुन्याचं तापमान त्याला थंड ठेवणाऱ्या गॅसच्या आकड्यावरून ठरवू नका. पाण्याच्या प्रोटॉनची रेषा दर अंशाला सुमारे ०.०१ पीपीएम सरकते. डिले आखडण्याआधी ती बघून ठेवा, मग १० मिनिटं डमी स्कॅन (नोंद न ठेवलेले) चालवून लगेच पुन्हा बघा. ०.०५ सरकली तर नमुना पाच अंशांनी तापलाय, डिले वाढवा.