आधी सुटका, मग ओढ

स्नायू आकसवणाऱ्या मायोसिन या प्रथिनाची रचना मी स्क्रीनवर इतक्यांदा फिरवून पाहिली होती की डोळे मिटले तरी दिसायची. पुढे फुगीर डोकं, मागे साडेआठ नॅनोमीटर लांब सलग हेलिक्स, म्हणजे मळसूत्रासारखा पिळदार दांडा, तिला लपेटलेल्या दोन हलक्या साखळ्या, म्हणजे दोन छोटी प्रथिनं. रेमेंट आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली कोंबडीच्या स्नायूतल्या मायोसिनची ही रचना मांडली. ती तोंडपाठ असूनही एक समजूत मनात उलटीच बसली होती : एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, आला की मायोसिन ओढतं.

मायोसिन तंतू सरकवताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. प्रयोग ऐकायला सोपा. काचेवर नायट्रोसेल्युलोजचा पातळ थर, त्यावर मायोसिनचे डोकी शाबूत असलेले तुकडे, त्यावर ॲक्टिन या प्रथिनाचे तंतू. स्नायूत मायोसिन धरून ओढतं ते हेच. तंतूची जाडी जेमतेम सात-आठ नॅनोमीटर, म्हणून तो दिसावा यासाठी त्याला रोडामीन हा चमकणारा रंग जोडलेलं फॅलॉइडिन चिकटवायचं. हे एका जहरी अळंबीतलं विष. तंतू विरघळू देत नाही. मला याचं अजूनही अप्रूप वाटतं.

एटीपी नसताना तंतू खिळे ठोकल्यासारखे गप्प होते. ते अपेक्षितच होतं. मृत शरीर ताठरतं ते याच पकडीमुळे. मग काचेच्या एका कडेने एटीपीचं द्रावण सोडलं आणि दुसऱ्या कडेला टीपकागद लावून आत ओढून घेतलं. तंतू हलले, पण सरकले नाहीत. एक टोक अडकलेलं, उरलेला भाग वळवळतोय, आणि बघता बघता तंतू मधोमध तुटला. शेजारचाही तुटला. क्षाराचं प्रमाण बदललं, तापमान बदललं, एटीपी नवा बनवला. तीन आठवडे तेच.

शेवटी मॅडमनी चित्र पाहून एवढंच विचारलं, "तुझी सगळी डोकी सोडतायत का?"

त्या प्रश्नासरशी मी रचनेकडे परत गेले. एटीपीची खोबण डोक्याच्या एका बाजूला, ॲक्टिन धरायची जागा दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हींना जोडणारी एक खोल खाच. एटीपी खोबणीत बसला की ती खाच उघडते आणि ॲक्टिनवरची पकड सुटते. एटीपी तुटल्यावर मागची हेलिक्स, म्हणजे डोक्याची तरफ, ताणून सज्ज होते, डोकं तंतूला पुन्हा हलकेच टेकतं, आणि फॉस्फेट बाहेर पडताना ती तरफ फिरते. ओढ ही तेव्हाची. एटीपीचं पहिलं काम सोडवण्याचं! माझ्या काचेवरची काही डोकी शुद्धीकरणात बिघडली होती. ती धरायची, पण सोडायची नाहीत. बाकीची डोकी ओढत राहायची आणि मधल्या मध्ये तंतू फाटायचा.

उपायही याच गुणात होता. मायोसिन शुद्ध ॲक्टिन आणि एटीपीत मिसळून अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये प्रचंड वेगाने फिरवलं. बिघडलेली डोकी ॲक्टिनला धरून तळाशी गेली, सोडणारी वरच्या द्रावणात राहिली. तेवढंच वरचं द्रावण काळजीपूर्वक उचललं. रंग विझू नये म्हणून ऑक्सिजन काढून टाकणारी ग्लुकोज ऑक्सिडेज आणि कॅटलेज ही विकरं घातली.

त्या दिवशी एटीपी आत गेला आणि अंधारात केशरी रेघा चालू लागल्या. सेकंदाला चार-पाच मायक्रोमीटर, टोक पुढे, मागचा भाग त्याच वाटेने वळण घेत. एक तंतू स्वतःभोवतीच गोल फिरत होता. मी एटीपी नसलेलं द्रावण सोडलं. सगळे जागच्या जागी थांबले. पुन्हा एटीपी दिला, पुन्हा चालले. हे मी सहा वेळा केलं. नोंदवहीत दोनदा पुरलं असतं.