टुखोल्स्कीचे बर्लिन आणि सतरा क्रमांकाचा फलाट

बर्लिनमध्ये नाझीपूर्व काळाचा विषय निघाला की कुर्ट टुखोल्स्कीचे नाव हटकून येते. १८९० साली इथल्या मोआबिट भागात एका ज्यू कुटुंबात जन्मलेला हा पत्रकार 'दी वेल्टब्यूने' या साप्ताहिकात निरनिराळ्या टोपणनावांनी लिहीत असे. पक्षपाती न्यायाधीश, युद्धखोर सेनाधिकारी, साहेबापुढे वाकणारा कारकून यांपैकी कोणालाच त्याने सोडले नाही, आणि आपल्या जन्मजात समाजालाही नाही. त्याच्या लेखांतला वेंड्रीनर हा बडबड्या ज्यू व्यापारी १९३० सालच्या एका लेखात हुकूमशाही आल्यावर चित्रपटगृहात दबक्या आवाजात बोलतो आणि निदान शिस्त तरी आली, अशी स्वतःची समजूत घालतो. हिटलरच्या हाती सत्ता यायला तेव्हा दोन वर्षांहून अधिक अवकाश होता.

१० मे १९३३ रोजी ऑपेराच्या चौकात टुखोल्स्कीचे नाव पुकारून त्याची पुस्तके जाळण्यात आली, त्याच वर्षी त्याचे नागरिकत्वही गेले. आधीच देशाबाहेर असलेल्या या माणसाने लिखाण थांबवले आणि डिसेंबर १९३५ मध्ये तो स्वीडनमध्ये वारला. त्याची आई डोरिस १९४३ मध्ये टेरेझिनश्टाटच्या छळछावणीत मेली, हे मात्र त्याची वचने दिनदर्शिकांवर छापणाऱ्यांना क्वचितच आठवते.

बर्लिनच्या ग्रूनेवाल्ड या श्रीमंत उपनगराच्या स्थानकात सतराव्या फलाटाच्या कडेने, शहरातल्या ज्यूंना छळछावण्यांकडे नेणाऱ्या गाड्यांची आठवण म्हणून, १८६ पोलादी पट्ट्या बसवलेल्या आहेत. प्रत्येकीवर तारीख, ज्यूंची संख्या आणि गाडी कुठे गेली एवढेच कोरलेले आहे. पहिली तारीख १८ ऑक्टोबर १९४१ची आहे. टेरेझिनश्टाटच्या पट्ट्यांवर पुन्हा पुन्हा शंभराचा आकडा दिसतो, कारण तिकडे प्रामुख्याने वृद्धांना लहान तुकड्यांनी पाठवले जाई. त्यांपैकी अनेकांकडून निघण्यापूर्वी राहणे, जेवण आणि औषधपाणी आजन्म मिळेल अशा करारावर सह्या घेऊन उरलीसुरली पुंजी काढून घेतली जाई. टुखोल्स्कीने असा करार रचून छापला असता, तर वाचकांनी त्याला अतिशयोक्ती म्हटले असते. शेवटची पट्टी २७ मार्च १९४५ची, १८ ज्यूंची आहे. रशियन फौजा तोवर जवळच्या ओडर नदीपर्यंत येऊन ठेपल्या होत्या, तरीही ही अठरा माणसे मोजून रवाना करण्याइतका वेळ या गाड्या पाठवणाऱ्या कार्यालयाला मिळाला होता.