बिअरचं बारसं

एका रविवारी दुपारी बाटल्या धुता धुता नवऱ्यानं जाहीर केलं, "या खेपेचं नाव ठरलं. हॉपूस." आणि ब्रश तसाच बाटलीत ठेवून दाद मिळायची वाट बघत उभा राहिला. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, आणि हापूस. कळलं होतं मला.

पण मी पडले रत्नागिरीची. विचारलं, "आत घातलंयस काय? इंडियन स्टोअरमधला डबा. आणि डब्यावर काय लिहिलंय? केसर." गीरच्या आंब्याला हापूस म्हणायचं? २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांपुरतं. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या आमच्या गॅरेजातल्या बादलीचा त्यात समावेश नाही. "ही विकायची थोडीच आहे," तो म्हणाला. जसं काही प्रश्न विकण्याचा होता.

घरी बिअर करणाऱ्या मंडळींची ही खोड आहे. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, अजून भिजलेलं नसतं, यीस्टचं पाकीट फ्रीजमध्ये असतं, पण नाव तयार. त्यातली निम्मी नावं 'हॉप' या एका शब्दावरच्या कोट्या. उरलेल्यांत म्युनिकच्या पाउलानरच्या भिक्षूंचा दोष आहे. उपासाच्या दिवसांत पोटाला आधार म्हणून त्यांनी एक दाट, जड बिअर केली, तिचं नाव पडलं 'साल्वाटोर'. ती इतकी चालली की बाकीचेही आपल्या तसल्या बिअरला साल्वाटोरच म्हणू लागले. पुढं त्या नावावर मालकी सांगितली गेली, तेव्हा त्यांनी निदान शेपूट तरी ठेवलं: ऑप्टिमाटोर, मॅक्सिमाटोर, सेलेब्राटोर. आजही कुणी गॅरेजात डॉपेलबॉक, म्हणजे ही दाट, जड जात केली की मागं ते शेपूट, इंग्रजी उच्चारात 'एटर', लागलंच पाहिजे. आमच्याकडं 'आळसेटर' होऊन गेली. ती बरी होती, नावासकट.

काही नावं मात्र आमच्यात पहिल्यापासून बाद. देव नाहीत, संत नाहीत, गड-किल्ले नाहीत. ब्राझीलमध्ये १८८८ पासून 'ब्रह्मा' नावाची बिअर आहे आणि तिथल्या लोकांना त्यात काही वावगं वाटत नाही. त्यांच्या देवघरात ब्रह्मदेव नसतो. आमच्यात कुणी आपल्या काळ्या बिअरला 'रायगड स्टाउट' म्हटलं तर महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला तोंड दाखवायची सोय राहणार नाही.

मला विचाराल तर नाव मागाहून पडावं. बेल्जियमच्या मोर्टगाट मंडळींनी पहिलं महायुद्ध संपल्यावर मोठ्या थाटात 'व्हिक्टरी एल' काढली. १९२३ च्या सुमारास कुणीतरी चाखून म्हणालं, हा तर सैतानच आहे, आणि तेव्हापासून ती 'डुव्हेल'. विजयाचं नाव कोण लक्षात ठेवतं? चाखणाऱ्याच्या तोंडून निघालेलं टिकलं.

आजोळी आमच्या परसात रायवळची झाडं होती आणि प्रत्येकाला आजीनं नाव दिलेलं. खोबऱ्या. शेप्या, कारण त्याला शेपूचा वास. गोटी. भरणीचा, म्हणजे लोणच्याखेरीज कशाला उपयोग नाही. एक 'कावळ्याचा' होता, तो कावळेच खायचे आणि तेही नाइलाजानं असावं. न्हाणीघरामागं कुणीतरी थुंकलेल्या कोयीचं एक झाड उगवलं होतं. त्याला फळ धरेपर्यंत किती तरी वर्षं आजी नुसतं 'न्हाणीमागचा' म्हणायची. पहिला आंबा आढीतून निघाला तो तिनं स्वतः चोखला, आम्ही सगळी पोरं तिच्या तोंडाकडं बघत बसलेलो. कोय पार पांढरी केली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "असू दे. न्हाणीमागचाच बरा."

आमची ती आंब्याची बिअरसुद्धा शेवटी निनावीच संपली. मित्रमंडळी तिला अजून "ती आंबट" म्हणतात. झालं की नाव.

पुढच्या खेपेला स्टाउट होती. ती बादलीत असताना सांगलीहून ताईंचा, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या बहिणीचा, फोन आला. मी त्यांना माझं हे सगळं तत्त्वज्ञान ऐकवलं. त्यांना आधी पोलिसांची काळजी. तिकडं १९४९ चा दारूबंदीचा कायदा अजून आहे, प्यायचा परवानाही आरोग्यासाठी म्हणून मिळतो. भावानं मग त्यांना अमेरिकेत घरी बिअर करायची मुभा देणाऱ्या कायद्यावरची, अध्यक्ष कार्टरसाहेबांची १९७८ ची सही समजावून सांगितली. दोन मोठी माणसं असलेल्या घराला वर्षाला दोनशे गॅलनपर्यंत मुभा, म्हणजे साडेसातशे लिटर. "एवढी पिता?" ताईंनी विचारलं. मग मूळ मुद्द्यावर आल्या. "माझ्या भावाच्या घरात झालंय ना? मग नाव आत्या ठेवणार. तुम्ही दोघं कोण?"

"पण चाखल्याशिवाय कसं ठेवायचं, ताई?"

"अगं, पोराचं काय चाखून ठेवतात? बाराव्या दिवशी ठेवतातच ना? पुढं कसं निघेल ते त्याचं त्याला."

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. स्टाउट ही एल जातीतलीच, आणि एलचं आंबणं साधारण दोन आठवड्यांत उरकतं, म्हणजे बाटल्या भरायची वेळ आणि बाराव्याचा मुहूर्त जवळपास एकच. नवरा तर एवढा खूष झाला, की कुर्रर्र करताना आत्याच्या पाठीत गुच्चे कोण घालणार, इथवर त्याची चर्चा गेली. "यादी पाठवते," म्हणून ताईंनी फोन ठेवला.

यादी दोन मिनिटांत आली. जुन्या डायरीच्या पानाचा फोटो होता. डावीकडं मुलींची नावं, उजवीकडं मुलांची. काही खोडलेली, 'ईशान'च्या पुढं प्रश्नचिन्ह, 'मृण्मयी'च्या खाली रेघ. पानाच्या डोक्यावर छापलेलं साल आमच्या लग्नाचं होतं.

आम्हाला मूल नाही. एवढ्या वर्षांत ताईंनी त्यावरून मला एका शब्दानं कधी विचारलेलं नाही.

नवऱ्यानं फोन हातात घेतला, फोटो मोठा केला, परत लहान केला. मग म्हणाला, "मृण्मयी एवढ्याशा बुचावर मावेल?"

"बारीक लिही," मी म्हटलं.