चौदाव्या होलवरचे पाच

शेवटच्या दिवशी दुपारी मी गोल्फच्या स्कोअरकार्डावरच्या अठरा होलांच्या आकड्यांची बेरीज केली आणि ती ७२ आली. समोरची खुर्ची रिकामी होती. दोनच मिनिटांपूर्वी तिथे बसलेल्या मुलीला मी सवयीने विचारलं होतं, "किती झाले गं?" आणि ती म्हणाली होती, "त्र्याहत्तर, ताई."

पुन्हा बेरीज केली. पुढचे नऊ, मागचे नऊ, वेगवेगळे. ७२च.

पुण्याजवळच्या एका गोल्फ क्लबच्या ऑफिसात मी नोकरी करते. मुलींच्या व्यावसायिक स्पर्धा आमच्याकडे असल्या की स्कोअरिंगच्या टेबलावर माझी ड्यूटी लागते. लोकांना वाटतं, आकडे घ्यायचे आणि बोर्डावर चढवायचे, एवढंच ते काम. गोल्फमध्ये प्रत्येक होलला लागलेले फटके मोजतात, कमी फटके तो चांगला स्कोअर. पण खेळाडूचं अधिकृत कार्ड तिच्या हातात नसतंच. पहिल्या टीवर, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागी, कार्डांची अदलाबदल होते. माझं कार्ड तुझ्याकडे, तुझं तिसरीकडे. दुसरीचा स्कोअर लिहिणारी ती मार्कर. आपला स्वतःचा स्कोअर प्रत्येकजण कार्डाच्या फाडायच्या पट्टीवर टिपून ठेवते. खेळ संपला की आमच्या तंबूत बसून पट्टी आणि कार्ड ताडून पाहायचं, मार्करची सही, खेळाडूची सही, आणि कार्ड माझ्या हातात.

जबाबदारीची वाटणी नियमात स्पष्ट आहे. प्रत्येक होलचा आकडा खेळाडूचा, बेरीज आमची. होलवर खेळली त्यापेक्षा जास्त आकडा लिहून सही केली तर तो जास्तीचा आकडा कायम. कमी लिहून सही केली तर स्पर्धेतून बाद. आणि कार्ड 'दिलं' असं धरतात ते खेळाडू स्कोअरिंगच्या जागेतून बाहेर पडल्यावर. आत बसली असेपर्यंत खाडाखोड करा, मार्करला परत बोलवा, सगळं चालतं. आमच्याकडे ही जागा म्हणजे तंबू आणि त्याभोवती बांधलेली पांढरी दोरी. त्या दोरीच्या आत आणि बाहेर दोन वेगळे कायदे चालतात.

ती दोरीच्या बाहेर गेली होती.

एकविसाव्या वर्षी, प्रो झाल्यानंतरच्या पहिल्याच मोसमात, तिसऱ्या दिवशी ७३ म्हणजे चांगला खेळ होता. वारा होता, ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची आखूड गवताची जागा, दुपारपर्यंत कडक झाली होती, तिथले हलके फटके घसरत होते. ती चौथी आली असती. मी तिचं कार्ड घेऊन मुख्य रेफरींकडे गेले. त्यांनी तिला आणि तिच्या मार्करला बोलावलं. एकेक होल वाचत गेले. चौदाव्याला ते म्हणाले, "चार." दोघींनी एका सुरात म्हटलं, "पाच."

कार्ड मी जवळून पाहिलं आहे, अजून डोळ्यांसमोर आहे. तेरा आणि चौदा हे दोन आकडे एकाच वेळी लिहिलेले दिसत होते. पेन्सिलीचा दाब सारखा, दोन्ही चार जरासे उजवीकडे कललेले. तेराव्यावर त्या ग्रुपला संथ खेळाची ताकीद मिळाली होती, घड्याळ लावलं होतं. चौदावं होल चालत-पळत झालं आणि पंधराव्या टीवर मार्करने घाईत दोन्ही चौकोन भरले. खेळाडूच्या पट्टीवर चौदाव्याचा चौकोन कोराच होता. त्यामुळे ताडून पाहायला काही नव्हतंच. तिने पूर्ण कार्डावरून नजर फिरवली, सही केली. तंबूबाहेर तिची आई फोन हातात धरून उभी होती.

रेफरी सरळ माणूस आहेत. त्यांनी आवाज चढवला नाही, कारणं सांगितली नाहीत, नियम वाचला. "बाद." मुलगी काही बोलली नाही. आई माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो मॅडम, ती खरंच सांगत होती ना तुम्हाला? त्र्याहत्तर म्हणाली ना ती?"

म्हणाली होती. तिने मला खरा आकडा सांगितला होता आणि खोटा आकडा सही करून दिला होता, आणि हिशोबात धरला जातो तो सहीचा.

त्या रात्री झोप आली नाही. नियमांच्या वर्गात आम्हाला एक जुनी केस शिकवली होती, ती आठवत राहिली. अमेरिकेची विमेन्स ओपन ही बायकांच्या व्यावसायिक गोल्फमधल्या आजच्या मोठ्या स्पर्धांपैकी सगळ्यांत जुनी. १९४६ साली स्पोकेनला सुरू झाली, तेव्हा फक्त त्या एका वर्षी मॅच प्ले, म्हणजे दोघींचा समोरासमोर सामना, अशी होती आणि पॅटी बर्ग जिंकली. बायकांच्या संघटनांनीच ती आधी चालवली. १९५३ पासून यूएसजीए ही अमेरिकेची गोल्फ संघटना चालवते आहे. त्याच १९५३ साली हवाईची जॅकी पंग बरोबरी सोडवायच्या १८ होलच्या प्लेऑफमध्ये बेट्सी रॉल्सकडून हरली होती.

१९५७ साली न्यूयॉर्कजवळच्या विंग्ड फूट क्लबवर पंग पुन्हा जिंकण्याच्या जवळ आली. चार राउंड मिळून २९८. रॉल्सचे २९९. एका फटक्याने जिंकली, लोकांनी अभिनंदन केलं. मग कार्डावर चौथं होल सापडलं. पंग तिथे सहा खेळली होती, लिहिले होते पाच. शेवटच्या राउंडची एकूण ७२ ही बेरीज बरोबर होती. चुकला होता फक्त चौकोनातला आकडा. तिची मार्कर बेट्टी जेम्सन, १९४७ ची विजेती. जेम्सनही त्याच होलवर सहा खेळली होती, आणि पंगने तिचेही पाचच लिहिले होते. दोघी बाद. विजेतेपद रॉल्सला. पहिलं बक्षीस १८०० डॉलर होतं. क्लबच्या सदस्यांनी आणि तिथल्या लोकांनी पंगसाठी वर्गणी काढली, ती ३००० डॉलरच्या आसपास गेली. बक्षिसापेक्षा मोठी रक्कम जमली, पण विजेत्यांच्या यादीत पंगचं नाव आजही नाही.

वर्गात हे ऐकलं तेव्हा मी खेळाडूंच्या निष्काळजीपणाबद्दल टीप लिहून घेतली होती. त्या रात्री मात्र माझ्या डोक्यात टेबल होतं. एकूण ७२ आणि आकड्यांची बेरीज ७१, हे तिथे कोणीतरी दोघी उठायच्या आधी पाहायला हवं होतं. पन्नास-साठ वर्षं जगभर ही केस शिकवतात आणि सगळीकडे खेळाडूलाच सांगतात, "कार्ड नीट बघा." टेबलावरच्या माणसाला कोणी काही सांगत नाही. २००८ मध्ये एका वेगळ्या स्पर्धेत मिशेल वी ही खेळाडू दुसऱ्या राउंडच्या कार्डावर सही न करता स्कोअरिंगच्या जागेबाहेर गेली, परत येऊन सही केली, तरी बाद झाली. तिथेही दोरीचाच प्रश्न होता. तीही हवाईचीच. पुढे २०१४ साली पाइनहर्स्टला तिने ही विमेन्स ओपन जिंकली, तेव्हा मला पंगची आठवण झाली होती.

२०२२ साली विजेत्या मिन्जी लीला याच स्पर्धेचं पहिलं बक्षीस १८ लाख डॉलर मिळालं. पंगच्या वेळच्या बरोबर हजारपट. एवढा पैसा आला तरी चौकोन तेवढाच आहे आणि त्यात पेन्सिलीने आकडा तसाच लिहितात.

आमच्याकडे ग्रुपबरोबर चालणारी मुलं मोबाइलवर थेट स्कोअर भरतात. त्या दिवशी चौदाव्याचा 'पाच' त्यांनी भरलाही होता. पण मागच्या नऊ होलांवर नेटवर्क मिळत नाही, हे मी तीन स्पर्धा सांगते आहे. तो आकडा माझ्या स्क्रीनवर आला तेव्हा मुलगी रेफरींसमोर उभी होती. त्या मुलांना दोष देणार नाही, उन्हात अठरा होल चालतात आणि एका पॅकेट जेवणावर राबतात. दोष त्यांच्या हातात निकामी साधन देणाऱ्यांचा आहे. आणि माझा. बेरीज माझी होती. मी ती खेळाडू गेल्यावर करायचे, कारण आमच्याकडे सगळे तशीच करत आले. पुढचा ग्रुप दोरीशी उभा असतो, खुर्ची मोकळी करायची घाई असते.

रेफरींचा निर्णय बरोबर होता, हे मी कुणापुढेही सांगेन. मार्करवर आणि सहीवर हा खेळ उभा आहे, ती सही सैल केली तर काही उरत नाही. पण ते कार्ड माझ्या हातात असताना ती माझ्यापासून दोन फुटांवर होती.

आता मी आधी एकेक होल मोठ्याने वाचते, बेरीज करते, खेळाडूने सांगितलेल्या आकड्याशी ताडते, आणि मगच मान हलवते. एका ग्रुपला चार मिनिटं जास्त लागतात. संयोजकांपैकी एकाने त्यावर तक्रार केली, तेव्हा मी लेखी द्या म्हटलं. दिलं नाही.

दीड महिन्याने दुसऱ्या स्पर्धेत ती मुलगी माझ्या टेबलावर आली. ७६ खेळली होती, दमलेली होती. पट्टीवरचे अठराच्या अठरा चौकोन भरलेले. मी वाचत गेले, ती प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून "हो" म्हणत गेली. चौदाव्यावर तिचं बोट जरा थांबलं. "चार," मी म्हटलं. "चारच," ती म्हणाली. सही करून तिने पेन्सिल ठेवली आणि बसूनच राहिली.

"ताई, बेरीज झाली? उठू का?"

मी पुढचे नऊ करत होते. म्हटलं, "थांब जरा."